फॉरमॅट मारण्याआधी: सेटअप सापडेल, आधी परवान्याचा ई-मेल शोधा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सेलूत तुमचं डीटीपी आणि हिशेबाचं दुकान आहे. विंडोज ७ चं मशीन सारखं अडकतंय, म्हणून दुरुस्तीवाला फॉरमॅट मारा म्हणतोय. आत हिशेबाची टॅली, ऑफिस २०१०, पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टची श्रीलिपी आहे आणि सीड्या अर्ध्याच सापडल्यात. 'प्रोग्राम फाइल्स'चं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं तर भागेल का?

नाही भागणार. सॉफ्टवेअर बसताना त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत, जातात, काही फाइली सिस्टिमच्या फोल्डरात जातात. नुसतं फोल्डर उचलून आणणं म्हणजे दार-खिडक्या आणल्या आणि भिंती तिकडंच राहिल्या. लागतो तो मूळ सेटअप. तोही नीट बघून घ्या. डाउनलोड्समध्ये दोन-चार एमबीची सेटअप फाइल दिसली की लोक खूश होतात, पण ती बहुतेक वेळा नुसती निरोप्या असते, खरा माल नेटवरून ओढते. कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला की ती फाइल काहीच कामाची नाही. 'ऑफलाइन इन्स्टॉलर' असं लिहिलेलं, शेकडो एमबीचं जे असेल तेच जपा. ज्या सीड्या सापडल्यात त्यांची आजच आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीतली नक्कल, करून ठेवा, इमेजबर्नसारखं फुकटचं साधन पुरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली राइट केलेली सीडी किती वर्षं टिकेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

पण सेटअप ही सगळ्यात सोपी गोष्ट. अडतं ते परवान्यापाशी.

मी परभणीत बरीच वर्षं मशीन दुरुस्त करतो. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाची गोष्ट सांगतो. टॅली विकतची, बिल फाइलीत, ९ आकडी सिरीयल नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला. हार्डडिस्क गेली, नवी बसवली, सिरीयल टाकला, तर अनलॉकची चावी गेली एका ई-मेलवर, आणि तो ई-मेल कुणाचाच नाही! ज्या पोरानं आठ वर्षांपूर्वी टॅली बसवली त्यानं स्वतःचाच आयडी टाकला होता. तो पोरगा पुण्याला गेलेला, आयडीचा पासवर्ड त्यालाही आठवेना. ऐन सोयाबीनच्या आवकीत मालक बेजार. बिलं, जीएसटीचे कागद, अर्ज असं करत काम मार्गी लागायला दिवस गेले. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तोच विचारतो: ई-मेल कुणाचा?

म्हणून तुमची टॅली चालू आहे तोवर लायसन्सच्या पानावर जाऊन नोंदवलेला ई-मेल बघा. दुसऱ्याचा असेल तर तो आधी बदलून घ्या. मग डेटा फोल्डर दोन ठिकाणी ठेवा. त्यानंतर लायसन्स 'सरेंडर' करा, म्हणजे परवाना या मशीनवरून सोडवून घ्या, आणि मगच फॉरमॅट. सरेंडर न करता मशीन पुसलं तर नवीन ठिकाणी परवाना आधीच वापरात आहे असं दिसतं, आणि रीसेटसाठी पुन्हा त्याच ई-मेलच्या पाया पडावं लागतं.

ऑफिस २०१० ची पूर्ण 'की', म्हणजे परवान्याचा अक्षर-आकडी नंबर, मशीनमध्येच असते. नीरसॉफ्टचं प्रोड्यूकी हे की दाखवणारं छोटं साधन चालवलं की दिसेल. अँटिव्हायरस ओरडेल, कारण चोरही असलीच साधनं वापरतात. नीरसॉफ्टच्या मूळ साइटवरूनच घ्या. मशीन सुरूच होत नसेल तरी हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की तेच प्रोड्यूकी तिची रजिस्ट्री वाचतं. २०१३ पासूनच्या ऑफिसचं मात्र असं होत नाही. मशीनवर कीची शेवटची पाचच अक्षरं राहतात. तिथं मायक्रोसॉफ्ट खातं हीच चावी.

विंडोज ७ ची की दाखवली तरी लगेच खूश होऊ नका. मोठ्या ब्रँडच्या तयार मशीनमध्ये रजिस्ट्रीत असते ती कंपनीची सगळ्यांना सारखी की. तुमची खरी की कॅबिनेटवरच्या स्टिकरवर. त्याचा फोटो काढा, आकडे पुसट झाले असतील तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून काढा. विंडोज ८ पासून ब्रँडेड मशीनची की मदरबोर्डातच असते, तिथं ही कटकट नाही. आणि विंडोज ७ च्या कीवर १० किंवा ११ चालू करायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२३ साली बंद केली, हे दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा.

हे सगळं लिहायचं कुठं? माझ्याकडं एक साधी शंभर पानी वही आहे. सॉफ्टवेअर, आवृत्ती, सिरीयल, ई-मेल, मोबाइल, बिलाची तारीख. पासवर्ड मात्र वहीत नको, दुकानात दहा माणसं येतात. वहीच्या पानाचा फोटो आणि सेटअप बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क घरी. दुकानातल्या त्याच विजेच्या बोर्डावरच्या मशीनला कायम जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नाही. वीज कडाडली की दोन्ही संगंच जातात.

डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं दिसतं ते) असेल तर ते कॉपी होत नाही, त्याच्या नादी लागू नका. फक्त त्याच्या ड्रायव्हरचा सेटअप ठेवा, आणि कुणी 'इनिशियलाइझ (टोकन नव्यानं कोरं) करून बघू' म्हणालं तर हात धरा, सही पुसली जाते.

राहिली श्रीलिपी. तिचा परवाना लॉकमध्येच, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या डबीतच, असतो, सेटअप कितीही जपला तरी लॉकशिवाय उपयोग नाही. फॉन्टच्या फाइली वेगळ्या काढून ठेवा, नाहीतर पेजमेकरमधल्या जुन्या पत्रिका उघडल्या की अक्षरांऐवजी नुसती चिन्हं दिसतील. तुमचं लॉक यूएसबीचं आहे की मागं प्रिंटरच्या जागी लावायचं २५ पिनचं, तेवढं कळवा. २५ पिनचं असेल तर फॉरमॅट थांबवा आणि ते मशीन भंगारात काढू नका. नव्या मदरबोर्डला तो पोर्ट बहुधा नसतोच, आणि बाजारात मिळणारी यूएसबीची कन्व्हर्टर वायर प्रिंटर चालवते, लॉक ओळखत नाही.