‘बंगालच्या खाडीत’ कमी दाबाचं क्षेत्र?

प्रश्न असा आला आहे: ‘पावसाच्या बातम्यांत हल्ली “बंगालच्या खाडीत कमी दाबाचं क्षेत्र” असं वाचायला मिळतं. शाळेत आपण बंगालचा उपसागर शिकलो. दोन्ही चालतं का? खाडी, आखात, उपसागर, समुद्र यांतला फरक आकारावर ठरतो का? तसं असेल तर पश्चिमेला अरबी “समुद्र” आणि पूर्वेला मात्र “उपसागर”, हे कसं?’

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. मराठीत बंगालचा उपसागरच. ‘बंगालची खाडी’ हे हिंदीतल्या ‘बंगाल की खाड़ी’चं घाईत केलेलं भाषांतर आहे. हिंदीची बातमी समोर ठेवून मराठी मजकूर तयार करायचा, तोही दहा मिनिटांत, म्हटल्यावर ‘ड’खालचा नुक्ता तेवढा गळतो आणि शब्द तसाच पुढे जातो.

हिंदीत ते चूक नाही. तिकडे ‘खाड़ी’ हा ऐसपैस शब्द आहे. बंगालचा उपसागर, इराणचं आखात, हडसनचा उपसागर, कच्छचं आखात या सगळ्यांना तो एकटा पुरतो. मराठीत मात्र खाडी म्हणजे काय हे कोकणात कोणालाही विचारा. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचं पाणी आत शिरतं. ते जिथवर चढतं तिथवर खाडी. वाशिष्ठीचंच घ्या. चिपळूणला ती वाशिष्ठी नदी असते. भरती पोचते ती गोवळकोटपर्यंत, आणि तिथून खाली तेच पाणी दाभोळची खाडी होतं. काठाला तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, खडकाला चिकटलेली कालवं, बांध घालून राखलेली खाजणं. मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट सुटते, तीत माणसांबरोबर मोटारीही चढतात आणि जरा वेळात पलीकडे उतरतात. ठाणे, वसई, धरमतर, जयगड, सगळीकडे हीच गोष्ट. पाणी खारं, पण समोरचा काठ दिसतो.

ही कल्पना मनात असलेल्या माणसाला ‘बंगालच्या खाडीत चक्रीवादळ’ वाचून काय वाटेल? सुमारे २२ लाख चौरस किलोमीटरचं पाणी आहे ते. रुंदी १६०० किलोमीटरांच्या आसपास. पलीकडचा काठ म्यानमारात.

परभाषेतून शब्द घेण्याला माझा विरोध नाही, घेतल्याशिवाय भाषा चालत नाही. पण इथे आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला एक आपण उरलेल्या दोघांच्या डोक्यावर बसवतो आहोत. त्यातून ‘खाडी देशांत नोकरी’ असं वाक्य जन्माला येतं. आपले लोक कित्येक वर्षं आखातात जातात, १९९१ साली आपण आखाती युद्धाच्या बातम्या वाचल्या, आणि आता अचानक तिथे खाडी कुठून आली? हीच गत इतर नावांचीही. मराठीत अरबी समुद्र, हिंदीत अरब सागर. मराठीत भूमध्य समुद्र, हिंदीत भूमध्य सागर. मराठीत तांबडा समुद्र, हिंदीत लाल सागर, आणि दोघांची मोट बांधून वर्तमानपत्री ‘लाल समुद्र’. सामुद्रधुनीला हिंदीत म्हणतात ते ‘जलडमरूमध्य’ अजून मराठीत शिरलेलं नाही हे नशीब. आपली सामुद्रधुनी कितीतरी देखणी आहे. ‘धुनी’ म्हणजे नदी. अमरकोशात नदीच्या नावांत तरंगिणी, तटिनी यांच्या पंगतीला ती बसलेली आहे. दोन समुद्रांच्या मधून वाहणारी समुद्राची नदी! होर्मुझ किंवा जिब्राल्टर नकाशात पाहिलं की हा शब्द घडवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

आता आखात आणि उपसागर. इथे मात्र मराठीलाही फार ताठ मानेनं बोलता येणार नाही. क्रमिक पुस्तकातली व्याख्या अशी की दोघांनाही तीन बाजूंनी जमीन. उपसागराचं तोंड रुंद, आखाताचं अरुंद आणि ते जमिनीत खोलवर घुसलेलं. इराणच्या आखाताला ही व्याख्या मापून शिवल्यासारखी बसते, कारण होर्मुझपाशी त्याचं तोंड जेमतेम ३५-४० किलोमीटर उरतं. खंबातचं आखातही निमुळतं होत आत गेलं आहे. पण मन्नारचं आखात? भारत आणि श्रीलंका यांच्यामधलं हे पाणी दक्षिणेला चांगलं ऐसपैस उघडं आहे, तरी ते आखात. उलट हडसनचा उपसागर कॅनडाच्या पोटात इतका आत शिरलेला आहे की व्याख्येप्रमाणे त्याला आखातच म्हणायला हवं. खरी गोष्ट एवढीच की इंग्रजी नकाशात ‘बे’ असेल तिथे आपण उपसागर लिहिलं आणि ‘गल्फ’ असेल तिथे आखात. मूळ नावं देणाऱ्यांनीही काही पट्टी लावून मोजलं नव्हतं. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात आपला बंगालचा उपसागर गंगेच्या नावानं येतो, लॅटिन भाषांतरात ‘सायनस गँगेटिकस’. ‘सायनस’ म्हणजे वळण, बाक. त्यात बे आणि गल्फ दोन्ही आले. पोर्तुगीज त्याला ‘गोल्फो’ म्हणत. म्हणजे इंग्रजांऐवजी पोर्तुगीजांचे नकाशे समोर ठेवून आपली भूगोलाची पुस्तकं झाली असती, तर आज आपण बंगालचं आखात म्हणत असतो. ओडिशात पुरीला मात्र या भानगडीच नाहीत. तिथे समोर आहे तो महोदधी.

समुद्र की उपसागर, हे आकारावर ठरत नाही. तुर्कस्तानातला मार्मारा समुद्र सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचा. बंगालच्या उपसागरात असे दोनशे मार्मारा मावतील, तरी तो समुद्र आणि हा ‘उप’. तेव्हा ‘उप’चा अर्थ धाकटा असा घेऊ नये. तो महासागराला लागून, त्याचा भाग म्हणून असलेला. उपनदीतला ‘उप’ जसा, तसा. ‘अरबी उपसागर’ असंही खरं तर म्हणता आलं असतं, उत्तरेला आणि दोन्ही बाजूंना जमीन आहेच. पण अरबी समुद्र जवळजवळ ३८ लाख चौरस किलोमीटरचा, त्यातून पुन्हा आखातं फुटलेली, आणि नाव पूर्वापार रुळलेलं.

हद्दी नेमक्या कुठे लागतात, हे ठरवण्याचं काम मोनॅकोमधली आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना करते. तिची १९५३ सालची पुस्तिका अजून प्रमाण धरतात. तीत बंगालच्या उपसागराची दक्षिण सीमा श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून, दोंड्रा भूशिरापासून, सुमात्राच्या उत्तर टोकापर्यंत आखली आहे. अरबी समुद्राची गंमत याहून मोठी. त्याची पूर्वेकडची हद्द भारताच्या किनाऱ्यावर सुरू होते ती सदाशिवगडापासून! कारवारजवळ काळी नदीच्या मुखावरचा तोच सदाशिवगड. तिथून रेषा लक्षद्वीप बेटांच्या पश्चिम कडेनं खाली मालदीवकडे जाते आणि तिच्या पूर्वेचं पाणी म्हणजे लक्षद्वीप समुद्र. या हिशेबानं गोव्याचा किनारा अरबी समुद्राचा आणि मंगळूर, कोची लक्षद्वीप समुद्रावरची. कोचीच्या मच्छीमाराला हे सांगून पाहा.

आणि ही पुस्तिका म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. तिच्या १९३७च्या आवृत्तीत अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर होता. १९५३ साली तो गाळला. पुढे २०२१ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’नं आपल्या नकाशांत तो पाचवा महासागर म्हणून दाखवायला सुरुवात केली.

नावं सरकतात याचं सर्वांत जवळचं उदाहरण तांबड्या समुद्राचं. ग्रीक लोक ‘एरिथ्रियन’ म्हणजे तांबडा समुद्र म्हणत तो आजच्याएवढा चिंचोळा नव्हता. त्यात अरबी समुद्रही येई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सफरवृत्ताच्या नावातच हा समुद्र आहे, आणि त्यात बॅरिगाझा म्हणजे भडोच, कॅलिएना म्हणजे कल्याण आणि सेमिला म्हणजे चौल ही बंदरं येतात. चौलचा माणूस तेव्हा तांबड्या समुद्राच्या काठी राहत होता म्हणायचं.

राहिला सागर आणि समुद्र. संस्कृतात दोन्ही एकच. सगरपुत्रांनी खणला म्हणून सागर, ही पुराणातली व्युत्पत्ती सर्वांना माहीत असते. मराठीनं मात्र त्यांची कामं वाटून दिली. सुट्या नावात समुद्र (काळा समुद्र, मृत समुद्र), जोडशब्दात सागर (महासागर, उपसागर). ‘महासमुद्र’ कोणी म्हणत नाही. अपवाद आहेतच: समुद्रसपाटी म्हणतात, सागरसपाटी नाही. विशेषणाला मात्र सागरी: सागरी किल्ला, सागरी सीमा. कारण ‘सामुद्रिक’ हे विशेषण हात बघणाऱ्यांनी आधीच पळवलं होतं. फारसीतून आलेल्या ‘दर्या’चंही तसंच. अमू दर्या, सीर दर्या या मध्य आशियातल्या नद्या. उर्दूतही दरिया म्हणजे मुख्यतः नदी. मराठीत दर्या फक्त समुद्र, आणि त्यावरून दर्यावर्दी नि शिवकाळातला दर्यासारंग.

तेव्हा बातमी लिहिणाऱ्यांनी: बंगालचा उपसागर, आखाती देश, ठाण्याची खाडी, तांबडा समुद्र. आणि महासागर ‘हिंदी’, हिंद नव्हे. त्या ‘हिंदी’चा हिंदी भाषेशी संबंध नाही, हिंदचा तो हिंदी. हे नाव बदलून ‘हिंद महासागर’ करायला निघालेले लोक पुन्हा हिंदीतूनच शब्द आणत असतात.