चोरीला गेलेल्या मोबाइलचा विमा दावा ‘निष्काळजीपणा’ म्हणून नाकारला. आव्हान देता येईल का?

होय, देता येते. मात्र आधी नकाराचे कारण आणि त्यामागचे पॉलिसीतील कलम कंपनीकडून लेखी मागवावे, कारण पुढचा सगळा वाद त्या कलमाच्या शब्दांवरच चालतो. ‘निष्काळजीपणा’ हा तसा सैल शब्द आहे. फोन बेवारस ठेवला होता की खिशातून काढून घेतला गेला, हा फरक पोलीस तक्रारीच्या प्रतीवरून दाखवावा आणि खरेदीची पावती, १५ अंकी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक) व सिमकार्ड बंद केल्याची नोंद सोबत जोडावी. कंपनीच्या तक्रार निवारण विभागाने दाद दिली नाही, तर विमा लोकपालासारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे जावे. पॉलिसीत केवळ बळजबरीने झालेली चोरीच समाविष्ट असेल, तर मात्र खिसेकापूने नेलेल्या फोनची भरपाई मिळणे कठीण आहे.