ब्रेक लिंक दाबण्याआधी

फाइल उघडताच एक्सेल 'अपडेट लिंक्स' विचारतं ना? म्हणजे तिच्यात दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढणारे फॉर्म्युले (लिंक्स) आहेत. घाबरू नकोस, सगळ्यांनाच छळतं ते.

आधी फाइलची कॉपी काढ. नवखे इथेच फसतात: 'ब्रेक लिंक' दाबलं की फॉर्म्युला जातो, नुसता आकडा उरतो, आणि कंट्रोल झेडने काही परत येत नाही.

मग लिंक्स कुठे आहेत ते शोधायला कंट्रोल एफ. शोधायचं चिन्ह [ (दुसऱ्या फाइलचं नाव याच कंसात असतं), 'विदिन'मध्ये वर्कबुक, 'लुक इन'मध्ये फॉर्म्युलाज. (टेबलांचे फॉर्म्युलेही यात सापडतात, ते सोड.) जो आकडा पुढे बदलणार आहे त्याची लिंक तोडू नकोस, डेटा टॅबवरच्या एडिट लिंक्समधल्या (नव्या एक्सेलमध्ये 'वर्कबुक लिंक्स') 'चेंज सोर्स'ने योग्य फाइल दाखव.

तोडूनही विचारतंय? कंट्रोल एफ३ दाब, सेलना दिलेल्या नावांची यादी (नेम मॅनेजर) उघडते. माझ्या पगारपत्रकात तिथेच एक जुनं नाव दडून बसलं होतं, अख्खी दुपार खाल्ली मेल्याने.