नवी आलिशान गाडी वारंवार बंद पडते: बदलून मागता येईल का?

प्रश्न: कोल्हापुरात आमची फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. सात महिन्यांपूर्वी कंपनीच्या नावावर 72 लाखांची (एक्स-शोरूम) आलिशान एसयूव्ही पुण्याच्या डीलरकडून घेतली. मी संचालक आहे आणि गाडी मीच चालवतो. दुसऱ्या आठवड्यापासून त्रास सुरू झाला. चालत्या गाडीत डिस्प्ले काळा होतो. ‘ड्राइव्हट्रेन’चा (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा) इशारा येऊन वेग 40 च्या वर जात नाही. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. मागची डावी बाजू रात्रीतून खाली बसते. गाडी पाच वेळा, एकूण 41 दिवस वर्कशॉपमध्ये होती. दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ किंवा ‘दोष आढळला नाही’ असे सांगतात. आता दोन वर्षांची वाढीव वॉरंटी मोफत देतो म्हणतात, पण सर्व तक्रारींचे निवारण झाल्याच्या पत्रावर सही मागतात. सही करू का? गाडी शोरूमला लावून हप्ते थांबवले तर चालेल का? नवी गाडी मिळेल का?

उत्तर: त्या पत्रावर सही करू नका, हे सर्वांत आधी. ‘सर्व तक्रारींचे निवारण झाले’ या ओळीखाली तुमची सही पडली की पुढे ग्राहक आयोगासमोर गाडीच्या कंपनीचा पहिला कागद तोच असेल. वाढीव वॉरंटी चांगली गोष्ट आहे, ती बिनशर्त देत असतील तर घ्या. पण तिच्या बदल्यात आजवरच्या तक्रारींवर पाणी सोडू नका. त्यांना ईमेलने एवढेच कळवा की तक्रारी अजून कायम आहेत आणि वॉरंटी बिनशर्त दिल्यास स्वीकारू.

हप्तेही थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा, गाडीतला बिघाड त्याच्या आड येत नाही. हप्ते चुकले तर सिबिल बिघडेल आणि बँक गाडी ओढून नेईल. मग ज्या गाडीबद्दल भांडायचे तीच हातात राहणार नाही. गाडी शोरूमच्या दारात सोडून येणेही महागात पडते, कारण काही महिन्यांनी पार्किंगचे बिल येते आणि ‘गाडी तयार होती, ग्राहकच न्यायला आला नाही’ असा बचाव तयार होतो. चालवणे धोक्याचे वाटत असेल, आणि वेग अचानक पडत असेल तर ते वाटणारच, तर गाडी दुरुस्तीसाठी म्हणूनच द्या. किलोमीटर, चारही बाजूंचे फोटो आणि किल्ली दिल्याची पोच घ्या. ताब्यात घेताना जॉब कार्डावर (वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर) स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘तक्रार कायम, हक्क राखून ताबा घेतला.’

आता मुख्य प्रश्न, गाडी बदलून मिळण्याचा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(10) मधली ‘दोष’ची व्याख्या रुंद आहे. दर्जातली कोणतीही उणीव तिच्यात बसते. कलम 39 खाली आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत व्याजासह परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. पण अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश सहज होत नाही. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर एका भागाच्या बिघाडासाठी पूर्ण गाडी बदलायला लावता येत नाही. कंपनीचे वकील हा निकाल पहिल्याच तारखेला पुढे ठेवतील. त्यावर तुमचे उत्तर असे असले पाहिजे की पुरेशा संधी देऊनही तोच बिघाड परत येतो, म्हणजे तो भाग बदलून जाणारा नाही, गाडीतच मुरलेला आहे. हे तोंडी सांगून भागत नाही, जॉब कार्डावर दिसावे लागते.

तुमची पाचही जॉब कार्डे काढून बघा. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात बहुधा सर्व्हिस अॅडव्हायझरने ‘जनरल चेकअप’ किंवा ‘डिस्प्ले इश्यू’ एवढेच टाकले असेल. पुढच्या वेळी तिथे नेमके लिहून घ्या: अमुक तारखेला, अमुक किलोमीटरला, ताशी 80 च्या वेगात डिस्प्ले काळा झाला, इशारा आला, वेग 40 पर्यंत उतरला, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू केल्यावर पूर्ववत. ‘यापूर्वी अमुक तारखांना हीच तक्रार’ हे वाक्य दर वेळी हवे. अॅडव्हायझर लिहायला तयार नसेल तर तोच मजकूर वर्कशॉपच्या दारातून ईमेल करा आणि मगच किल्ली द्या.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते. वर्कशॉपमध्ये गाडी जोडली की कंट्रोल युनिटांमध्ये (गाडीतल्या छोट्या संगणकांमध्ये) साठलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, वाचले जातात, आणि अपडेटनंतर ते पुसले जातात. पुसले की ‘दोष आढळला नाही’ म्हणायला रान मोकळे. म्हणून कोड पुसण्याआधीची छापील यादी मागा. त्यात कोड केव्हा, किती किलोमीटरला आणि किती वेळा आला हे असते. सॉफ्टवेअरची आधीची आणि नंतरची आवृत्तीही लिहून घ्या. डीलर अवघड बिघाडासाठी निर्मात्याच्या तांत्रिक विभागाकडे ऑनलाइन विचारणा करतो आणि तिची नोंद राहते. ही विचारणा आणि सर्व डायग्नोस्टिक अहवाल जपून ठेवावेत, असे नोटिशीत स्पष्ट मागा. पुढे ते हजर करण्याचा अर्ज आयोगापुढे करता येतो. बाहेरच्या माणसाकडून स्कॅनर लावून घेत असाल तर फक्त वाचू द्या. कोड पुसायला किंवा एकही कव्हर उघडायला देऊ नका, नाहीतर वॉरंटी मोडल्याचा आरोप येतो.

बॅटरीकडे विशेष लक्ष द्या, कारण तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे असू शकते. व्होल्टेज पडले की कंट्रोल युनिटे एकमेकांशी नीट बोलत नाहीत, आणि त्यातून डिस्प्लेपासून गिअरबॉक्सपर्यंत असंबद्ध इशारे येऊ लागतात. गाडी लॉक केल्यावर साधारण तासाभरात सगळी युनिटे ‘झोपतात’, आणि त्यानंतरची विजेची ओढ साधारणपणे 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवी. एखादे युनिट जागेच राहिले आणि ओढ 1 अँपिअर झाली, तर दिवसाला 24 अँपिअर-तास जातात. 70 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत 48 गमावते, मग गाडी सुरू कशी होणार? त्यामुळे रात्रभर गाडी ठेवून या ओढीची मोजणी करा आणि आकडा जॉब कार्डावर लिहा, अशी लेखी मागणी करा. नुसती बॅटरी बदलणे ही दुरुस्ती नव्हे. नवी बॅटरीही तशीच उतरेल. त्याआधी एक खबरदारी घ्या. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा दिव्यांची सजावट असेल तर ती काढा आणि काढल्याची नोंद करा. कंपनीचा हमखास बचाव ‘ग्राहकाने वायरिंगला हात लावला’ हाच असतो. त्याच्या पाठोपाठ ‘उंदरांनी वायर कुरतडली’ आणि ‘गाडी पाण्यात गेली’ हे दोन येतात. वायरिंग शाबूत असल्याचा शेरा वर्कशॉपकडूनच घ्या.

मागची डावी बाजू बसते त्याचा पुरावा घरच्या टेपने होतो. सपाट फरशीवर गाडी लावा, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर रात्री मोजा आणि सकाळी गाडी न उघडता पुन्हा मोजा. टेपसह फोटो काढा. चारही कोपरे थोडेसे सारखे उतरले तर ते खपवून घेतले जाते. एकच कोपरा उतरत असेल तर तिथल्या एअर स्प्रिंगमध्ये (हवा भरलेल्या स्प्रिंगमध्ये), हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये किंवा नळीत गळती आहे. गळती न शोधता हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलला तर गेलेली हवा भरून काढण्यासाठी सतत पळून नवा कॉम्प्रेसरही जळतो. डिस्प्लेचा व्हिडिओ मात्र शेजारी बसलेल्याने काढावा, चालवणाऱ्याने नाही. त्यात किलोमीटरचा आकडा दिसू द्या.

कंपनीच्या नावावरची गाडी म्हणजे ‘व्यापारी हेतू’, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप नक्की येईल. त्याला घाबरू नका. 2024 च्या जुलैमध्ये डेमलर क्रायस्लर इंडियाच्या प्रकरणात, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मर्सिडीजबद्दल हाच आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्याआधी मे महिन्यात दुसऱ्या एका निकालात वापर व्यापारी होता हे सिद्ध करण्याचे ओझे आक्षेप घेणाऱ्यावरच टाकले. तरी गाडी संचालकाच्या वापरासाठी घेतल्याचा खरेदीच्या वेळचा ठराव असेल तर तो जोडा. गाडी भाड्याने किंवा मालवाहतुकीला दिली नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्या. ताळेबंदात घसारा दाखवला असेल तर तो लपवू नका. कंपनीतर्फे तक्रार करायला तुम्हाला अधिकार देणारा संचालक मंडळाचा वेगळा ठराव लागतोच. तो नसला की तक्रार तांत्रिक मुद्द्यावर अडकते.

तक्रार कुठे? भरलेल्या किमतीनुसार 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त राष्ट्रीय आयोग. भरपाई किती मागता याच्याशी त्याचा संबंध नाही. सुमारे 31 लाखांची गाडी जळून मालकाचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात वारसांनी 50 कोटींच्या वर भरपाई मागितली होती. तरीही किमतीचाच निकष योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ठरवले. म्हणून तुमची तक्रार महाराष्ट्र राज्य आयोगाकडे, ई-जागृती पोर्टलवरून. या किमतीला फी 2,000 रुपये आहे. बुकिंग फॉर्मवर ‘वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ असे छापले असेल तरी अडत नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथली तक्रार नवा कायदा मान्य करतो.

प्रतिवादी म्हणून भारतातील निर्माती किंवा आयातदार कंपनी, विक्री करणारा डीलर आणि सर्व्हिस दुसरीकडे झाली असेल तर तोही, सगळ्यांना घ्या. पण सगळ्यांवर सरसकट एकच आरोप लिहू नका. 2021 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने 2009 ची गाडी 2011 ची म्हणून गळ्यात मारली होती. सर्वोच्च न्यायालयाने डीलरला जबाबदार धरले, पण निर्मात्या टाटा मोटर्सला सोडले, कारण दोघांचे व्यवहार स्वतंत्र होते आणि निर्मात्याला फसवणुकीची माहिती असल्याचे दाखवले गेले नव्हते. गाडीतला दोष निर्मात्याचा; चुकीची जॉब कार्डे, दिरंगाई, पर्यायी गाडी न देणे हे डीलरचे, अशी वेगवेगळी परिच्छेदवार मांडणी हवी.

मागण्या उतरत्या क्रमाने लिहा. आधी त्याच मॉडेलची नवी गाडी, नाहीतर किंमत व्याजासह परत, तेही नाहीतर वायरिंग हार्नेससह (गाडीतल्या वायरांच्या जुडीसह) सदोष जोडण्या बदलून वाढीव वॉरंटी आणि भरपाई. रोड टॅक्स, विमा आणि 41 दिवसांच्या पर्यायी वाहनाचा खर्च पावत्यांसह वेगळा मागा. ‘किंमत परत’ या आदेशात ते आपोआप धरले जातात असे समजू नका.

तज्ज्ञाचा अहवाल तक्रारीसोबतच मागा. कलम 38 खाली आयोग तपासणीचा आदेश देऊ शकतो. पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था किंवा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ऑटोमोबाइल विभाग सुचवा. आधी खासगी अभियंत्याकडून तपासून घेणार असाल तर तारीख कंपनीला कळवून तिच्या प्रतिनिधीला बोलवा, म्हणजे ‘आमच्या पाठीमागे केले’ म्हणता येणार नाही. एअरबॅग न उघडल्याच्या ह्युंडाईच्या प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की ग्राहक भौतिकशास्त्राचा जाणकार असावा अशी अपेक्षा नाही. पण इलेक्ट्रॉनिक बिघाड तसा ढळढळीत दिसत नाही, म्हणून तुम्हाला अहवाल हवाच.

मुदत दोन वर्षांची आहे. ती शेवटच्या जॉब कार्डापासून धरता येईल असा युक्तिवाद होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका, डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजा. आधी 15 दिवसांची वकिली नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, पुण्याच्या डीलरला आणि निर्मात्याच्या नोंदणीकृत कार्यालयाला. तक्रार दाखल झाल्यावर आयोगाची नोटीस मिळाल्यापासून प्रतिवादीला उत्तराला 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्या हिशेबाने मनाची आणि कागदांची तयारी ठेवा. दरम्यान चालत्या गाडीचा वेग पडणे हा सुरक्षेचा प्रश्न असल्याने ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठी (दोषामुळे निर्मात्याने गाड्या परत बोलावण्यासाठी) तक्रार नोंदवा आणि चासिस नंबरवर आधीच रिकॉल आहे का तेही बघा.

पोलिसांत जाण्याचा सल्ला कोणी दिला तर एक प्रकरण लक्षात ठेवा. सप्टेंबर 2009 मध्ये घेतलेल्या बीएमडब्ल्यूबद्दल ग्राहकाने दोन महिन्यांच्या आत फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करून नवी गाडी द्यायला सांगितले आणि कंपनी तयारही झाली, पण ग्राहकाने ती घेतली नाही. अखेर जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला 50 लाख रुपये द्यायला सांगून प्रकरण मिटवले. पंधरा वर्षे घोंगडे भिजत पडले.

म्हणून नोटिशीनंतर लेखी प्रस्ताव आला तर तो सरळ धुडकावू नका. नव्या गाडीच्या उत्पादनाचा महिना फॉर्म 22 वर (निर्मात्याच्या प्रमाणपत्रावर) पाहा. नव्या नोंदणीचा टॅक्स आणि विमा कोण भरणार, बँकेचा बोजा जुन्या गाडीवरून नव्यावर कसा जाणार, वॉरंटी पहिल्या दिवसापासून धरणार का, हे सगळे मुद्दे तडजोडीच्या कागदात लिहून घ्या. तक्रार दाखल झाली असेल तर तो कागद आयोगापुढे नोंदवूनच जुन्या गाडीची किल्ली सोडा.