नैरोबीच्या जिराफ मॅनर हॉटेलमध्ये एक रात्र राहायचंय. जिराफ खरंच खोलीच्या खिडकीत येतात का? कोणती खोली घ्यावी?

येतात. फक्त वरच्या मजल्यावरची खोली मागा, आणि आधी विचारून घ्या की तिच्या खिडकीशी जिराफ येतात का. सगळ्या खोल्यांना ते सुख नाही.

मी आईला घेऊन गेले होते. पहाटे उठून पडदा सरकवला, खिडकी उघडली आणि दोघी पलंगावर बसून राहिलो. आधी फोसफोस श्वास ऐकू आला. मग केसाळ टोकांची दोन बुटकी शिंगं, आणि मग ते डोळे! इतक्या लांब पापण्या मी कुठल्याच जनावराच्या पाहिल्या नव्हत्या. आई गोठ्याच्या घरात वाढलेली. गोग्रास द्यावा तसा तिने तळहात पुढे केला, त्यावर तिथल्या माणसांनी दिलेला खाऊ. जांभळट काळी, खरंच हातभर लांब जीभ आली आणि तळहात पुसून गेली. बाभळीच्या काट्यांतून पानं ओढणारी जीभ ती, खरखरीत; लाळ घट्ट आणि चिकट. आईने बराच वेळ हात धुतला नाही.

कपाळावरून हात फिरवायचा मोह मात्र आवरा. नको असेल तर ते मान झटकतात, आणि तो तडाखा साधा नसतो.

घर १९३२चं, स्कॉटिश धाटणीचं. १९७४ मध्ये लेस्ली-मेलव्हिल दांपत्याने ते घेतलं. पश्चिम केनियात सोय नावाच्या ठिकाणाजवळ रॉथ्सचाइल्ड या जातीच्या जिराफांचा अधिवास शेतीसाठी तुकडे करून वाटला जात होता, म्हणून त्यांनी तिथून डेझी नावाचं पिल्लू इथे आणून वाढवलं, पाठोपाठ मार्लन नावाचं दुसरं. या जिराफांच्या गुडघ्याखाली ठिपके नसतात, पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. खिडकीतून खाली बघाल तेव्हा पाय जरूर बघा.

खोल्या बाराच आहेत, त्यामुळे वर्षभर आधी बुकिंग बघायला लागा. दोघांचं एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या बरंच वर जातं. तेवढं जमत नसेल तर मन खट्टू करून घेऊ नका. शेजारीच जिराफ सेंटर आहे, १९८३ पासून सर्वांना खुलं. तिथल्या उंच ओट्यावर उभं राहिलं की जिराफ अगदी तोंडासमोर येतो. सकाळीच जा, तेव्हा ते भुकेले असतात.