विडंबन, विटंबना आणि एक ढोल

प्रश्न असा आला आहे : "अ‍ॅना रसेल या गायिकेच्या कारकिर्दीवर लेख लिहितोय. 'शास्त्रीय संगीताची विडंबना करणारी गायिका' असं लिहिलं, तर मित्र म्हणतो 'विडंबन' लिही. फरक काय? आणि 'विटंबना' हा तोच शब्द का?"

मित्राचं ऐका. 'विडंबना' हल्ली हिंदी वाहिन्यांवरून आपल्या बातम्यांत उतरली आहे, आणि 'केवढी ही विडंबना!' कानावर पडलं की मी टीव्हीचा आवाज बंद करतो. हिंदीत तिचा अर्थ दैवदुर्विलास. मराठीत दैवदुर्विलास आहे, दैवाची थट्टा आहे, उसनवारी कशाला? 'विटंबना'चा मुक्काम आपल्याकडे पोलीस ठाण्यात : पुतळ्याची विटंबना, ध्वजाची विटंबना. रसेलबाईंनी जर्मन ऑपेराकार वाग्नरची विटंबना केली असं छापलंत, तर वाचक त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला का ते विचारतील.

काही शुद्धिवादी 'विटंबना'ला अडाणी अपभ्रंश म्हणून नाक मुरडतात. त्यांनी 'कुमारसंभवा'चा पाचवा सर्ग उघडावा. बटूच्या वेशात आलेला शंकर पार्वतीला चिडवतो : 'इयं च तेऽन्या पुरतो विडम्बना'. तू हत्तीवरून मिरवण्याच्या योग्यतेची, आणि लग्नानंतर म्हाताऱ्या बैलावर बसलेली दिसलीस की भले भले गालात हसतील. म्हणजे शोभा होणं, फजिती होणं हा अर्थ कालिदासाच्या पदरीच होता. मराठीनं 'ड'चा 'ट' केला आणि त्या अर्थाला स्वतंत्र बिऱ्हाड करून दिलं. याला अडाणीपणा म्हणत नाहीत, टापटीप म्हणतात.

दुसरा अर्थ भागवतात सापडतो. कुंती कृष्णाला म्हणते, 'तवेहमानस्य नृणां विडम्बनम्'. देव माणसाची बतावणी करतो, ते विडंबन. इथं टिंगल औषधालाही नाही, निव्वळ अनुकरण आहे. आणि अनुकरण करायचं तर मूळ गोष्ट अंगात मुरलेली लागते.

रसेलबाईंचं बळ हेच. जन्म लंडनचा, १९११ सालचा. शिक्षण तिथल्याच रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये. गंभीर ऑपेरात एकदा बदली गायिका म्हणून उभ्या राहिल्या, तर अडखळल्या आणि नेपथ्यच खाली आणलं. पुढं कॅनडात गेल्या, टोरांटोत एकटीचे विनोदी कार्यक्रम सुरू केले, १९४८मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलपर्यंत पोचल्या. वाग्नरचं 'रिंग' हे चार ऑपेरांचं, चार रात्रींचं, पंधराएक तासांचं प्रकरण. त्याची कथा त्या पियानोजवळ उभ्या राहून अर्ध्या तासाच्या आत सांगत, मध्येच सुरावटी गाऊन दाखवत. चेष्टेसाठी पदरचं फारसं घालावं लागत नसे. नायक सिगफ्रीड जिच्या प्रेमात पडतो ती ब्रुनहिल्ड नात्यानं त्याची आत्या लागते, हे वाग्नरनंच लिहून ठेवलंय! बाई फक्त मोठ्यानं वाचून दाखवत आणि बजावत, हे मी मनचं सांगत नाहीये हं. हेच वाक्य पुढं त्यांच्या आत्मचरित्राचं नाव झालं. चार रात्री संपल्या की गोष्ट जिथं सुरू झाली तिथंच, ऱ्हाइन नदीत, परत येते, हेही त्या हिशेब मांडून दाखवत.

याला नुसती 'नक्कल' का म्हणू नये? 'नक्कल' अरबी. कचेरीत सात-बाराची मिळते ती, मुळाबरहुकूम. विडंबनात मूळही ऐकू येतं आणि त्याचा फुगाही दिसतो.

फुगा म्हणजेच आडंबर, आणि इथं मला राहवत नाही. आपण 'आडंबर' म्हणजे दिखाऊपणा समजतो. मुळात तो ढोल आहे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत 'शब्दायाडम्बराघातम्' येतं, म्हणजे आवाजासाठी आडंबर बडवणारा. अमरकोश सांगतो : 'आडम्बरस्तूर्यरवे गजेन्द्राणां च गर्जिते'. वाद्यांचा गजर आणि हत्तींचा चीत्कार! वाग्नरचा पितळी वाद्यमेळ ज्यांनी ऐकलाय त्यांना याहून नेमकं वर्णन मिळायचं नाही. 'मेघडंबर' म्हणजे ढगांचा गडगडाट. रायगडावरच्या मेघडंबरीचं नावही मी त्याच घरातलं धरतो, आणि डमरूही. माझं म्हणणं असं की विडंबनातला 'डंब' हाच : आडंबर म्हणजे ढोल बडवणं, विडंबन म्हणजे तोच ढोल तिरक्या हातानं वाजवून त्याचा पोकळपणा ऐकवणं. व्युत्पत्तीच्या एका जाणकारांनी मला हा बादरायण संबंध असल्याचं सुनावलं. मी विचारलं, मग तुमच्या मते 'डंब' म्हणजे काय? त्यांनी धातुपाठाकडे, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीकडे, बोट दाखवलं. धातुपाठाला ढोल ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?

ग्रीकांचा 'पॅरोडी'सुद्धा मुळात गाण्याचाच शब्द : 'पारा' म्हणजे शेजारी, 'ओडे' म्हणजे गाणं. गाण्याला खेटून म्हटलेलं गाणं. अत्र्यांनी 'केशवकुमार' होऊन कवितेत जे केलं त्याला आपण बिनदिक्कत विडंबन म्हणतोच ना?

हां, तुमचं वाक्य. 'शास्त्रीय संगीताचं विडंबन करणारी' असं लिहा; तिथं नुसतं 'शास्त्रीय' वाचून कुणी भीमपलास समजू नये म्हणून आधी 'पाश्चात्त्य' घाला.