मिनिएचर: शब्दाला लागलेला शेंदूर

प्रश्न असा होता: हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगात काढलेल्या, तळहातात मावणाऱ्या पोर्ट्रेटला 'मिनिएचर' म्हणतात. हा शब्द 'मिनी'वरूनच आला ना? आणि मराठीत 'लघुचित्र' चालेल का?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. 'मिनियम' हे लॅटिनमध्ये आधी हिंगुळाचं (पाऱ्याच्या लाल खनिजाचं) आणि पुढे शेंदराचं नाव. युरोपातल्या हस्तलिखितांत मोठी अक्षरं शेंदराने रंगवत, त्या कामाला 'मिनियारे' म्हणत. आपल्या पोथ्यांत दंड आणि अध्यायसमाप्ती लाल रंगात असते, तसलाच प्रकार. त्यावरून पोथीतल्या चित्रांना इटालियनमध्ये 'मिनियातुरा' नाव पडलं. चित्रं मुळात चिमुकली, त्यात 'मिनिमुस' म्हणजे 'सर्वांत लहान' या शब्दाशी नाद जुळला. मग अर्थ रंगाकडून आकाराकडे घसरला. गंमत पुढेच आहे. इंग्रजी 'मिनी' हे 'मिनिएचर'चंच तोडलेलं रूप. म्हणजे आपल्या मिनीबसलाही कुठेतरी शेंदूर लागलाय!

इंग्लंडमध्ये हिलियर्डसारखे 16व्या शतकातले चित्रकार या कलेला 'लिमनिंग' म्हणत. ते रंगवत पत्त्यांच्या पानावर चिकटवलेल्या चर्मपत्रावर. हस्तिदंत आला 1700च्या सुमारास, व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएरा हिच्यामुळे. तिने सुरुवात केली ती तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर. हस्तिदंत गुळगुळीत आणि तेलकट, त्यावर पाणी ठरत नाही. म्हणून तो प्युमिस दगडाच्या पुडीने घासून घ्यायचा आणि डिंकात कालवलेला रंग बारीक ठिपक्यांनी लावायचा. गालावर रंग इतका विरळ, की खालचा दंतच त्वचेसारखा उजळतो.

आता मराठीचं. 'लघुचित्र' चालेल, पण तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मुघल नाहीतर राजस्थानी चित्र येतं, आणि ते बहुधा कागदावरचं. 'लघुव्यक्तिचित्र' हा शब्द मला जड वाटतो. शिवाय 'व्यक्तिचित्र' म्हटलं की वाचक आधी लेखच शोधतो. नुसतं 'हस्तिदंती चित्र' म्हणाल तर कुणी कोरीवकाम समजेल. मी 'हस्तिदंतावरचं लघुचित्र' असं सरळ लिहितो. चित्राच्या माहितीपाटीवर जागा कमी असेल तर 'मिनिएचर' लिहा, बिघडत नाही.

जाता जाता: जॉन स्मार्ट हा इंग्रज मिनिएचरकार 1785 ते 1795 मद्रासेत होता. तिथल्या चित्रांवर आद्याक्षरं आणि सालाबरोबर तो एक 'आय' काढी. तो 'आय' म्हणजे इंडिया.